जांभळ्याच्या छटा घडवताना

कोणता लाल आणि कोणता निळा घेतला म्हणजे मनातला जांभळा हाती येतो, हा प्रश्न मला एका निसर्गचित्राच्या निमित्ताने मुळापासून सोडवावा लागला. सूर्यास्तानंतरच्या डोंगररांगांचे ते चित्र होते. सर्वांत जवळची रांग काळसर जांभळी, तिच्यामागची लालसर, त्यापलीकडची निळसर आणि क्षितिजालगतची इतकी फिकट की ती आकाशातच विरून जावी, अशी त्याची कल्पना होती. ट्यूबमधल्या तयार जांभळ्यात कमीअधिक पांढरा मिसळून मी त्याचा एक कच्चा आराखडा रंगवला. परंतु त्यातल्या सगळ्या रांगा एकाच रंगाच्या फिक्या-गडद प्रती वाटत होत्या आणि त्यांच्यामधली हवा काही उतरली नव्हती. म्हणून चित्र बाजूला ठेवून आधी मिश्रणांचा एक सविस्तर तक्ता करायचे ठरवले. माध्यम ॲक्रिलिक निवडले, कारण त्याचे नमुने लवकर वाळतात, शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात आणि वाळल्यावर पाण्याने पुन्हा विरघळत नाहीत.

रंग निवडताना ट्यूबवरच्या आकर्षक नावाकडे न पाहता, बारीक अक्षरांत छापलेल्या रंगद्रव्याच्या क्रमांकाकडे (त्यात पीआर म्हणजे लाल, पीबी निळे आणि पीव्ही जांभळे द्रव्य) पाहायचे, हा नियम मी सुरुवातीलाच घालून घेतला. ‘क्रिमसन’ किंवा ‘रोझ’ या एकाच नावाखाली निरनिराळे उत्पादक निरनिराळी द्रव्ये विकतात, आणि नावापुढे ‘ह्यू’ असे लिहिलेले असले तर आत मूळ द्रव्याऐवजी त्याच्यासारखे दिसणारे दुसरेच काही असते. ज्या ट्यूबमध्ये आधीच दोन-तीन द्रव्ये एकत्र केलेली आहेत, तिच्यापासून झालेले मिश्रण मळकट निघाले तर ते नेमके कोणामुळे मळले, हे शोधायला मार्ग उरत नाही. म्हणून एकाच द्रव्याच्या ट्यूबा घेतल्या. लालांमध्ये कॅडमियम रेड (पीआर १०८), क्विनॅक्रिडोन मॅजेंटा (पीआर १२२) आणि क्विनॅक्रिडोन रोझ (पीव्ही १९). निळ्यांमध्ये अल्ट्रामरीन (पीबी २९), कोबाल्ट ब्लू (पीबी २८), थॅलो ब्लूची हिरवट जात (पीबी १५:३) आणि सेरुलियन (पीबी ३५).

मोजमापाची पद्धत साधी ठेवली. काचेच्या पाटीवर प्रत्येक रंगाची सारख्या जाडीची रेघ पिळायची, मोजपट्टी लावून पॅलेट नाइफने तिचे समान तुकडे पाडायचे आणि तुकडे मोजून मिसळायचे. आठास एक, चारास एक, दोनास एक, सम, आणि मग उलट क्रमाने निळा वाढवत नेणे, असे टप्पे ठरवले. नजरेने अंदाज घेऊन केलेले मिश्रण त्या वेळी सुंदर दिसते, पण पुन्हा तेच हवे असले की हात चाचपडू लागतो. आणि एवढ्या मोठ्या चित्रात तीच छटा पुन्हा लागणार, हे उघड होते.

पहिली जोडी मी मुद्दामच कॅडमियम रेड आणि अल्ट्रामरीन ही घेतली, कारण लाल म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो असाच शेंदरीकडे झुकणारा लाल असतो. लाल जास्त असताना मिश्रण तांबूस तपकिरी दिसले, निळा वाढवत नेल्यावर ते काळपट होत गेले आणि मधल्या टप्प्यांवर जांभळा केवळ नावापुरता उरला. पांढरा मिसळून पाहिल्यावरही हाती आला तो मातकट, राखाडी जांभळट. अशा लालात पिवळा दडलेला असतो आणि पिवळा हा जांभळ्याचा विरोधी रंग असल्यामुळे मिश्रण मळते, असे सहसा सांगितले जाते. कामापुरते ते स्पष्टीकरण पुरेसे आहे, पण घडते ते थोडे वेगळे. कॅडमियम रेड हे द्रव्य हिरवा आणि निळा असा दोन्ही प्रकाश शोषून घेते आणि लाल भागातला तेवढा परत पाठवते. अल्ट्रामरीन प्रामुख्याने निळा परत पाठवते. दोघांना एकत्र कालवले की प्रत्येक जण दुसऱ्याने परत पाठवलेला प्रकाश गिळून टाकतो आणि डोळ्यांपर्यंत फारसे काही पोहोचत नाही.

हीच गोष्ट उलटी धरली की जांभळ्याची किल्ली सापडते. वर्णपटाची लाल आणि निळी अशी दोन्ही टोके डोळ्यांपर्यंत पोहोचली पाहिजेत आणि मधला हिरवा मात्र अडला पाहिजे. क्विनॅक्रिडोन मॅजेंटा नेमके हेच करते. ते प्रामुख्याने हिरवा शोषते आणि लालाबरोबर बराचसा निळाही परत पाठवते. अल्ट्रामरीनही केवळ निळा परत पाठवून थांबत नाही, वर्णपटाच्या लाल टोकाशी थोडा प्रकाश तेही सोडते. त्यामुळे या दोघांचे मिश्रण कोणत्याही प्रमाणात बिघडत नाही. चार भाग मॅजेंटा आणि एक भाग अल्ट्रामरीन घेतल्यावर लालसर, उबदार जांभळा मिळाला. समप्रमाणात तो दोन्ही बाजूंना सारखा झुकलेला वाटला. आणि एकास चार या प्रमाणाला शाईसारखा निळसर जांभळा तयार झाला. लालसर जांभळा इंद्रधनुष्यात कुठेच नसतो, तो वर्णपटाची दोन टोके एकत्र आल्यावरच दिसतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते; पण काचेवर हे टप्पे एका ओळीत उभे राहिले तेव्हा न्यूटनने वर्णपटाची सरळ पट्टी वाकवून तिचे चक्र का केले असावे, ते अधिक पटले.

येथे एक अडचण आली. ही मिश्रणे जाड थरात इतकी गडद दिसतात की त्यांच्यातला फरक डोळ्यांना कळत नाही. ओळीतले निम्मे ठिपके मला सारखेच काळपट वाटत होते. म्हणून प्रत्येक मिश्रण तीन प्रकारे लावायचे ठरवले: एकदा जाड थर, त्याला लागूनच नाइफने दाबून खरवडलेला पातळ थर, आणि शेजारी एक भाग मिश्रणात आठ भाग टायटॅनियम व्हाइट घालून केलेली फिकी छटा. खरवडलेल्या थरात कागदाचा पांढरेपणा आतून येतो आणि रंगाचा खरा कल उघडा पडतो. जाड थरात जुळी वाटलेली मिश्रणे फिक्या छटेत एक गुलाबीकडे आणि दुसरे निळ्याकडे अशी स्पष्ट वेगळी झाली. जांभळ्याची पारख फिक्या छटेवरूनच करावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

थॅलो ब्लूने वेगळाच धडा दिला. त्याची रंगवण्याची ताकद एवढी जबर असते की समान तुकड्यांची पद्धत त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते. समप्रमाणात मिसळल्यावर मॅजेंटा जणू त्यात घातलाच नव्हता, असे मिश्रण दिसले. शेवटी मॅजेंटाचा ढीग घेऊन त्यात नाइफच्या टोकावर मावेल एवढाच थॅलो घालत गेलो. नेहमी दुबळ्या रंगात ताकदीचा रंग घालावा, उलटे केले तर हवी ती छटा येईपर्यंत रंगाचा डोंगर होतो, हा नियम येथे सर्वांत जास्त उपयोगी पडला. थॅलो आणि मॅजेंटापासून होणारा जांभळा खोल, पारदर्शक आणि थंड असतो. छपाईतले मॅजेंटा आणि सायन एकावर एक आल्यावर जो निळा-जांभळा दिसतो, त्याच कुळातला हा. मात्र थॅलो लाल प्रकाश जवळपास पूर्ण शोषत असल्यामुळे याला लालसर उबेकडे नेणे कठीण जाते. अल्ट्रामरीनच्या जांभळ्यात जी धग आहे, ती याच्यात नाही. मागच्या थंड रांगांसाठी मात्र हाच योग्य वाटला.

कोबाल्ट ब्लू आणि क्विनॅक्रिडोन रोझ यांचे मिश्रण शांत आणि किंचित दबलेले होते. फिक्या छटेत ते फार छान दिसले, पण गडदपणा त्याच्यात येत नाही. सेरुलियन हिरव्याकडे झुकणारा असल्यामुळे त्याच्यापासून राखाडी जांभळट तेवढाच मिळाला, तोही अपारदर्शक. याच कारणाने पुढे मला त्याचा थोडा उपयोग झाला. एरवी जांभळ्यासाठी सेरुलियन घेण्याचे कारण नाही.

तयार जांभळ्या द्रव्यांचे नमुनेही मी तुलनेसाठी तक्त्यात घेतले. डायॉक्झाझिन पर्पल (पीव्ही २३) हे सर्वांत प्रचलित. ते अतिशय ताकदीचे, ट्यूबमधून बाहेर येताना जवळजवळ काळे आणि फिक्या छटेत निळसर असते. गडद रांगेसाठी पाया म्हणून त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. कोबाल्ट व्हायोलेट (पीव्ही १४) आणि मँगनीज व्हायोलेट (पीव्ही १६) दिसायला देखणे असले तरी त्यांची ताकद इतकी कमी की मिश्रणात ते हरवून जातात. टिकाऊ आणि तेजस्वी जांभळे द्रव्य माणसाला सहजासहजी मिळालेले नाही. समुद्री शंखांच्या गोगलगायींपासून काढल्या जाणाऱ्या प्राचीन जांभळ्याची रासायनिक ओळख पटवताना १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर यांना १२,००० गोगलगायींपासून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळाला होता. विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, क्विनाइन तयार करण्याच्या खटपटीत मोव्ह रंग शोधला, तोही कापड रंगवण्यासाठी उपयोगी पडला. मिश्रणाला इतके साफ जांभळे देणारी क्विनॅक्रिडोन द्रव्ये तर १९५८ च्या सुमारास बाजारात आली; त्यामुळे जुन्या चित्रांतला जांभळा पाहून आपण तसाच मिसळू पाहतो, तेव्हा खरे म्हणजे आपल्याजवळ त्या चित्रकारांपेक्षा चांगली सामग्री असते.

तक्त्याची पहिली ओळ भरली आणि लक्षात आले की हे सगळे जांभळे स्वच्छ आहेत, तेजस्वी आहेत, आणि चित्रात एकही तसाच्या तसा वापरता येणार नाही. संध्याकाळचा डोंगर इतका झगझगीत नसतो. पांढरा घालून तीव्रता कमी करावी, तर टायटॅनियम व्हाइट रंगाला फिके करतानाच थंड आणि खडूसारखा कोरडा करतो. त्यावर उपाय म्हणून पांढऱ्याबरोबर थोडा मॅजेंटा परत घालत गेल्यावर थंडपणा सावरला. काही नमुन्यांत टायटॅनियमऐवजी झिंक व्हाइट वापरून पाहिला. त्याची झाकण्याची शक्ती कमी असल्यामुळे छटा हळूहळू उजळते आणि थोडी पारदर्शकताही शिल्लक राहते. तरीही या साऱ्या छटा गोडच राहिल्या. दूरची रांग उजळ तर हवी होतीच, पण विझलेलीही हवी होती, आणि ते काम पांढऱ्याचे नव्हे.

ते काम पिवळ्याचे. ज्या पिवळ्याला पहिल्या जोडीत मी दोषी धरले होते, त्यालाच आता मोजून आत घ्यायचे होते. मॅजेंटा आणि अल्ट्रामरीनच्या सम मिश्रणात पांढरा घालून एक फिकी छटा मोठ्या प्रमाणात तयार केली, तिचे सारखे ढीग केले आणि प्रत्येकात यलो ऑकर (पीवाय ४३) चढत्या प्रमाणात मिसळत गेलो. पहिल्या अगदी बारीक मात्रेने रंग बदललासे वाटले नाही, पण शेजारच्या मूळ छटेचा भडकपणा एकदम डोळ्यांत भरू लागला. पुढच्या मात्रेला धुरकट जांभळा मिळाला. हाच तो रंग, जो मला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सापडत नव्हता. त्यापुढे उबदार राखाडी, आणि मग जांभळेपणा संपून फिकट मातकट रंग उरला. या एका ओळीत मी तक्त्याच्या बाकीच्या सगळ्या भागांपेक्षा जास्त वेळ रमलो, हे कबूल करायला हरकत नाही, कारण उपयोगाच्या बहुतेक छटा येथेच होत्या.

पिवळा कोणता, यालाही महत्त्व आहे. लालसर जांभळ्याला विझवण्यासाठी हिरवट झाक असलेला लेमन यलो अधिक नेमका बसतो; निळसर जांभळ्याला मात्र नारिंगीकडे झुकणारा पिवळा लागतो. लेमन यलोची मात्रा निळसर जांभळ्यात जास्त झाली तर मिश्रण हिरवट राखाडी होते. बर्न्ट सिएना घातल्यावर विझलेपणाबरोबर एक तांबूस ऊब येते, ती जवळच्या जमिनीसाठी चांगली. ऑकर आणि सिएना ही मातीची द्रव्ये तीव्र पिवळ्यांपेक्षा सौम्य असल्यामुळे हात थोडा सैल सुटला तरी छटा एकदम पलटत नाही, म्हणून मी सहसा तीच वापरतो. आधी बाजूला ठेवलेले सेरुलियनचे राखाडी जांभळटही येथे कामी आले: ऑकरने विझवलेल्या छटेत त्याचा थोडा अंश घातल्यावर अगदी क्षितिजालगतची रांग जुळली.

गडदपणाची बाजू त्यामानाने लवकर संपली. काळा मिसळला की जांभळ्याची जान जाते. डायॉक्झाझिनमध्ये थोडा बर्न्ट अंबर, किंवा मॅजेंटात अगदी थोडा थॅलो ग्रीन (पीजी ७) घातला तर काळ्याच्या जवळ जाणारा, तरीही पातळ थरात जांभळी झाक राखणारा रंग मिळतो. थॅलो ग्रीनच्या बाबतीत मात्रा किंचित वाढली तरी झाक नाहीशी होऊन सरळ काळा हाती येतो, एवढे भान ठेवावे लागते.

ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नये, हे ॲक्रिलिकमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते, पण जांभळ्याच्या बाबतीत ते विशेष खरे आहे. ॲक्रिलिकमधला बंधक, म्हणजे रंगद्रव्याला धरून ठेवणारा पदार्थ, ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे रंग वाळताना गडद होतो. मधल्या पट्टीतल्या छटा तर वाळल्यावर ओळखू येत नाहीत इतक्या खाली जातात. मी प्रत्येक मिश्रणाचा ठिपका कागदाच्या कपट्यावर लावून, हेअर ड्रायरने वाळवून मगच पुढची मात्रा ठरवत असे. प्रकाशाचाही तोच प्रकार. २७०० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्याखाली पाहिलेले जांभळे लालसर वाटतात आणि फिके निळसर जांभळे तर राखाडीच दिसतात. त्याच पट्ट्या सकाळी खिडकीतल्या उजेडात पाहिल्या की वेगळ्याच रंगाच्या भासतात. म्हणून रात्री केवळ मोजून मिसळायचे आणि निवड दिवसाच करायची, अशी विभागणी केली. तक्त्याचे छायाचित्र घेऊन काम भागेल, असेही कोणी समजू नये. फोनच्या कॅमेऱ्यात जांभळा अनेकदा सरळ निळा उमटतो.

तक्ता पूर्ण झाल्यावर निवडक जोड्या मी जलरंगातही करून पाहिल्या. तेथे अल्ट्रामरीनचे जड कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि क्विनॅक्रिडोन मात्र तंतूंना रंगवत सर्वत्र पसरते. त्यामुळे एकाच हाताने लावलेल्या थरात गुलाबी पार्श्वभूमीवर निळे कण विखुरल्यासारखे दिसतात, आणि हे रंग पॅलेटवर पूर्ण कालवण्यापेक्षा ओल्या कागदावर एकमेकांत सोडणे जास्त चांगले ठरते. जलरंगात रंग वाळताना फिका होतो, म्हणजे ॲक्रिलिकच्या नेमके उलट. दोन्ही माध्यमांत आलटून पालटून काम करताना हात गोंधळतो.

जलरंग घेण्यामागे आणखी एक हेतू होता. जांभळ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) ॲक्रिलिकमध्ये मूळ स्वरूपात सहसा मिळत नाही, आणि उजेडात तो किती टिकतो हे मला स्वतः पाहायचे होते. एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या, उजेडातल्या टिकाऊपणाच्या मानांकनात पहिल्या दोन श्रेणींची द्रव्ये कायमस्वरूपी कामासाठी योग्य मानली जातात. अलिझरिन तेलरंगातही तिसऱ्या श्रेणीत आहे. मिश्रणातला एकच घटक उडाला तर काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८८ मध्ये काढलेले त्यांच्या शयनगृहाचे चित्र. भिंती फिकट जांभळ्या असल्याचे त्यांनी पत्रात लिहिले होते. आज त्या निळ्या दिसतात, कारण मिश्रणातला लाल काळाच्या ओघात फिका पडला आणि निळा तेवढा मागे राहिला.

मी केलेली चाचणी घरगुतीच होती. अल्ट्रामरीनबरोबर एका पट्टीत अलिझरिन, दुसरीत क्विनॅक्रिडोन रोझ आणि तिसरीत फ्लोरोसंट गुलाबी अशी पातळ मिश्रणे लावली, प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या पुठ्ठ्याने झाकला आणि त्या उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवल्या. फ्लोरोसंट गुलाबीपासून मिळणारा जांभळा हा तिन्हींमध्ये निर्विवादपणे सर्वांत तेजस्वी होता, आणि उघडा भाग फिका पडण्यात पहिला क्रमांकही त्याचाच लागला. काही महिन्यांनी पुठ्ठा काढला तेव्हा त्या पट्टीचा उघडा अर्धा भाग निळाच झालेला होता. अलिझरिनचा निळसर राखाडीकडे सरकला होता. क्विनॅक्रिडोनच्या पट्टीवर पुठ्ठ्याची कड कोठे होती, ते मला शोधूनही सापडले नाही. अलिझरिनची ट्यूब त्यानंतर मी सरावाच्या कागदांपुरती ठेवली, आणि फ्लोरोसंट गुलाबी तेवढ्याच चित्रांसाठी, जी स्कॅन करून छापायची असतात आणि ज्यांचा मूळ कागद भिंतीवर लागणार नसतो.